हझान म्हणजे रब्बी नव्हे

प्रश्न असा आहे: सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहात, प्रार्थना गाणाऱ्या 'कँटर'ला मराठीत रब्बी म्हणावे, पुरोहित म्हणावे की कीर्तनकार?

तिन्ही नकोत. रब्बी तर मुळीच नको. छायाचित्रात दाढी आणि खांद्यावर शाल दिसली की आपल्याकडे डोळे मिटून 'रब्बी' ठोकून देतात. रब्बी हा धर्मशास्त्राचा जाणकार, निवाडा देणारा. त्याचा गळा बेसूर असला तरी कुणाचे काही बिघडत नाही. (हरभऱ्याच्या रब्बीशी त्याचे नातेही नाही, ती अरबी 'रबी', म्हणजे वसंत.) यहुद्यांचे पुरोहित म्हणजे कोहेन, आणि प्रार्थना चालवायला कोहेन असण्याची अट नाही. कीर्तनकार हा शब्द तर बेने इस्रायलींनी, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक यहुद्यांनी, 1880 च्या सुमारास खऱ्याखुऱ्या कीर्तनासाठीच वापरला: बायबलमधली आख्याने, मराठीतून.

शब्द आहे हझान. याच बेने इस्रायलींनी सिनेगॉगला बेधडक 'मशीद' म्हटले, पंचांत मुकादम आणि चौगुला ठेवले, विधी सांगणाऱ्याला काजी म्हटले. हझानला मात्र हात लावला नाही. त्यांना जे जमले ते आपल्याला का जमू नये?

आता खरी मजा. 'हझान' मुळात गाणारा नव्हेच. प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेत 'हझानू' म्हणजे गावाचा कारभारी, आपल्या भाषेत पाटील. इजिप्तमध्ये अमार्ना येथे सापडलेल्या, इसवी सनपूर्व 14 व्या शतकातल्या मातीच्या पाट्यांत जेरुसलेमचा सत्ताधीश अब्दी-हेबा फेरोला कळवतो की मी हझानू नाही, राजाचा शिपाई आहे. पुढे ज्या शहराकडे तोंड करून हझान प्रार्थना म्हणणार, त्याच शहरातून हा शब्द नाकारणारे पत्र निघावे! हा एक पुरावा कोशांतल्या चार व्युत्पत्तींना भारी आहे.

तरीही 'पाहणे' या अर्थाच्या हिब्रू 'हाझा' धातूवरून 'देखरेख करतो तो हझान' असे सांगणारे आहेतच. मिश्नात, म्हणजे यहुद्यांच्या धर्मनियमांच्या प्राचीन संहितेत, म्हटले आहे की शाब्बाथच्या (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) रात्री मुले कुठे वाचत आहेत ते हझान पाहतो, पण स्वतः दिव्यापाशी वाचत नाही. हे वाक्य त्यांना सोयीचे वाटेल. पण तिथले क्रियापद 'राआ' आहे, 'हाझा' नव्हे. मूळ वाक्य उघडून पाहायचे कष्ट घ्यावेत. 'खजिना'शी नाते जोडणाऱ्यांना तर तेवढाही आधार नाही, नुसते ध्वनिसाम्य.

मिश्नातला हझान तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी सभागृहाच्या प्रमुखाच्या हाती देतो आणि फटक्यांची शिक्षा झालेल्याला फटकेही तोच मारतो. अलेक्झांड्रियाचे सिनेगॉग एवढे मोठे होते की मागच्यांना काही ऐकू येत नसे. तेव्हा मधल्या लाकडी चौथऱ्यावरून हझान फडके हलवी आणि लोक 'आमेन' म्हणत, असे तालमूद हा मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ सांगतो. गाणे आले ते नंतर. प्रार्थनेत 'पियुत' ही काव्ये वाढली, ती साऱ्यांना पाठ असणे शक्य नव्हते, पोथ्या हाती लिहिलेल्या आणि मोजक्या. साहजिकच तयार गळ्याच्या माणसाकडे काम गेले.

'कँटर' हे फार नंतरचे लॅटिन-जर्मन लेबल. संगीतकार बाख 1723 पासून लाइपझिगला कँटर होता, तो लुथरन चर्चचा. 19 व्या शतकात जर्मनभाषक यहुद्यांनी ते नाव उचलले. त्यातला ठळक माणूस सालोमोन सुल्त्सर (1804–1890), 1826 पासून व्हिएन्नाच्या सिनेगॉगचा मुख्य हझान. संगीतकार शूबर्टने 1828 मध्ये बायबलमधले 92 वे स्तोत्र हिब्रूतच त्याच्यासाठी बांधले. पण सिनेगॉगसाठी रचना केली म्हणून कुणी हझान होत नाही. बर्लिनचा संगीतकार लेवांडोव्स्की वृंदगायनाचा संचालक होता. इटलीतल्या मांतुआचा सालोमोने रोस्सी गोंझागा दरबारातला व्हायोलिनवादक. रोस्सीच्या हिब्रू रचना व्हेनिसला छापताना स्वर डावीकडून उजवीकडे आणि अक्षरे उजवीकडून डावीकडे, असा पेच पडला. शेवटी शब्द अखंड, उजवीकडून डावीकडे ठेवले आणि कोणत्या स्वरावर कोणते अक्षर, हे गाणाऱ्यावर सोडले.

हझानला नोटेशनपेक्षा 'नुसाख' यावा लागतो: कोणत्या प्रार्थनेला, कोणत्या दिवशी, कोणती स्वरपद्धती. पूर्व युरोपीय परंपरेतली 'आहावा राबा' घ्या. रे कोमल, ग शुद्ध, ध आणि नी कोमल. आपला बसंत मुखारी. ऐकणारे तिला सर्रास भैरव ठरवतात, कारण रे-ग मधले अंतर कानात भरते आणि नीकडे लक्षच जात नाही. बेने इस्रायली चाली वेगळ्या, त्यांना हे लागू करू नये.

आणखी एक गल्लत. 'शेलियाख त्सिब्बुर', म्हणजे समाजाचा प्रतिनिधी, ही त्या वेळेपुरती भूमिका. किमान दहा जणांची सभा भरली की त्यांतला जाणता कुणीही पुढे उभा राहू शकतो. हझान म्हणजे नेमणूक. त्या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून 'शात्स' हे आडनाव झाले. जर्मनमध्ये शात्स म्हणजे खजिना, त्यामुळे आडनाव सावकारीचे समजून लोक फसतात.

लिहिताना 'हझान'च लिहावे. 'हजान' लिहिले तर कुणी त्यातला ज जगातला वाचेल, कुणी जीवनातला.