माफी मागायला लावल्यावर ती आणखी एकटी पडली

सप्रेम नमस्कार.

तुमच्या आठवीच्या वर्गातील एका मुलीला मैत्रिणींनी वाळीत टाकले, तुम्ही सर्वांना एकत्र बसवून माफी मागायला लावली आणि तेव्हापासून ती अधिकच मिटून गेली. ‘मी मध्ये पडायला नको होते का,’ असे तुम्ही विचारता. पडायला हवेच होते, पद्धत तेवढी वेगळी हवी होती. भांडणात दोन्ही बाजू तुल्यबळ असतात, त्यामुळे समोरासमोर बसवून समेट होऊ शकतो. इथे मात्र एका बाजूला अख्खा गट आहे, आणि सर्वांदेखत वदवून घेतलेल्या माफीमुळे ‘हिने बाईंकडे चहाडी केली’ असे म्हणायला त्या गटाला आयतेच निमित्त मिळाले.

आता तिच्याशी एकटीशी, गाजावाजा न करता बोला. ‘तू मनावर घेऊ नकोस’ हे वाक्य कृपया टाळा (मोठ्यांना ते धीराचे वाटते, मुलांना मात्र विषय संपवल्यासारखे ऐकू येते). काय घडते, कुठे घडते आणि तुम्ही काय करू नये असे तिला वाटते, हे विचारा. सारे गुप्त ठेवण्याचे वचन मात्र देऊ नका. ती जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलली, तर त्याच दिवशी समुपदेशकांना आणि पालकांना सांगावे लागेल, हे तिला आधीच ठाऊक असावे.

गटातील मुलींना एकेकटीला भेटा. शाळेत मुलांनी एकमेकांना दिलेला त्रास रोखण्यासाठी फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला ‘किवा’ हा उपक्रम २००९ पासून त्या देशातील शाळांत मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. त्यात त्रास देणाऱ्यांशी स्वतंत्रपणे बोलले जातेच, शिवाय वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशा दोन-चार समंजस मुलांना, एकट्या पडलेल्या मुलाच्या पाठीशी राहा, अशी विनंती शिक्षक करतात. मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण असा बहिष्कार टिकतो तो बघ्यांच्या मौनावर. गटकार्याच्या जोड्या काही महिने तुम्हीच लावा आणि अशी एखादी मुलगी तिच्या वाट्याला येईल असे पाहा.

‘यात अभ्यासक्रम मागे पडतो’ असे म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना एवढे सांगा, की २१३ शालेय उपक्रमांचा आणि सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांचा आढावा घेणाऱ्या २०११ मधील संशोधनात, सामाजिक-भावनिक कौशल्ये (स्वतःच्या भावना सांभाळणे, इतरांशी जुळवून घेणे) शिकलेल्या मुलांची अभ्यासातील कामगिरीही सुधारलेली दिसली.

दोन आठवड्यांनी तिच्याशी आणि त्या मुलींशी पुन्हा वेगवेगळे बोला, आणि ही दुसरी भेट होणार आहे हे पहिल्याच भेटीत सर्वांना सांगून ठेवा.