तळ्यात पडलेले झाड काढावे की राहू द्यावे?

प्रश्न : आमच्या गावतलावाच्या काठच्या दोन जुन्या बाभळी काही वर्षांपूर्वी पाण्यात कोसळल्या. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्यांचे बुंधे उघडे पडतात. यंदा गाळ काढताना ते यंत्राने ओढून काढावेत आणि लाकूड विकून तलावासाठी पैसे उभे करावेत, असे काहींचे म्हणणे आहे. मासेमारी करणाऱ्यांतही एकमत नाही. काहींची जाळी तिथे फाटतात, तर काही सांगतात की मरळ मासा तिथेच मिळतो. आम्ही काय करावे?
— एक वाचक, करवीर तालुका, जि. कोल्हापूर

उत्तर : हे बुंधे काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मरळ तिथे मिळतो हे सांगणाऱ्यांनी तलाव नीट पाहिला आहे. पाण्यात बुडालेल्या लाकडावर काही आठवड्यांतच शेवाळाचा आणि सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर चढतो. तो खायला गोगलगाई आणि किडे येतात, चतुराच्या अळ्या तिथे शिकार करतात आणि या सगळ्यांवर लहान मासे पोसले जातात. फांद्यांच्या जाळीत बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या माशांच्या पिल्लांना, पाणकावळ्यापासून व मोठ्या माशांपासून आडोसा मिळतो, आणि उघड्या बुंध्यावर कासव ऊन खात बसते. कटला, रोहू व मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांचे बीज तलावात सोडावे लागते. खर्च करून सोडलेल्या या बोटुकलीपैकी किती जगेल, हे बऱ्याच अंशी अशा आडोशावर ठरते. ज्यांची जाळी फाटतात त्यांचे नुकसान खरे आहे. त्यासाठी त्या जागी बांबू रोवून खूण करावी आणि जाळे थोडे दूर टाकावे. अडकून राहिलेली जुनी जाळी मात्र न चुकता काढावीत, कारण त्यांत मासे आणि कासवे गुंतून मरत राहतात.

लाकूड काढल्यावर काय होते, याचा प्रत्यक्ष प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लिटल रॉक नावाच्या सरोवराचे पडद्याने दोन भाग करून २००२ मध्ये एका भागातील काठालगतचे बहुतेक लाकूड काढण्यात आले. त्या भागात पर्च जातीचे मासे जवळजवळ संपले आणि त्यांना खाणाऱ्या बास माशांची वाढ मंदावली. तिथले मासे आपले नव्हेत, पण आडोसा गेला की आधी लहान मासा जातो आणि मग त्याच्यावर जगणारा मोठा मासा उपाशी राहतो, हा क्रम इथेही तोच आहे.

पाण्यात लाकूड कुजून तलाव खराब होईल, ही भीती अनेकांना वाटते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो आणि पाण्याखाली तो फार कमी असतो, म्हणून बुडालेला बुंधा दीर्घकाळ टिकतो. केरळातील मुल्लपेरियार धरण १८९५ मध्ये पूर्ण झाले. त्या पाण्यात बुडालेल्या जंगलाचे वठलेले बुंधे थेक्कडीच्या जलाशयात आजही उभे दिसतात आणि त्यांवर पाणपक्षी घरटी करतात.

गाळ जरूर काढावा, शेताला तो उपयोगीच आहे; फक्त यंत्र चालवणाऱ्याला आधी बुंधे दाखवून त्यांच्याभोवतीची जागा सोडायला सांगावे. तलावाची मालकी ग्रामपंचायतीची आहे की जलसंपदा विभागाची, हे पाहून तसे लेखी कळवावे. मासेमारीचा ठेका माशांपुरता असतो, त्यात लाकूड येत नाही. सांडव्याजवळ किंवा धरणाच्या दरवाजांजवळ अडकलेले ओंडके मात्र काढलेच पाहिजेत. राधानगरीसारख्या स्वयंचलित दरवाजांच्या धरणात तर त्याबाबत जराही हयगय चालणार नाही. पोहण्याच्या घाटाजवळची फांदीही हलवावी, पण शक्यतो त्याच तलावाच्या दुसऱ्या काठाला. केंदाळ, विसर्जनानंतर तरंगणारे रंगवलेले पाट आणि मूर्तींचे सांगाडे ही वेगळी गोष्ट आहे. ती सारी घाण आहे व ती बाहेर काढणेच योग्य.

प्रश्न : मासे वाढावेत म्हणून आम्ही मुद्दाम फांद्या टाकल्या तर चालेल का?
— दुसरे एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालेल, पण पाला असलेल्या हिरव्या फांद्या टाकू नयेत. पाला कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरला जातो आणि लहान तळ्यात उन्हाळ्यात त्याने मासे मरू शकतात. वाळलेल्या, पाला झडलेल्या फांद्यांची मोळी बांधून दगडाच्या वजनाने काठालगत, पण उन्हाळ्यातही पाणी राहील अशा जागी बुडवावी. आसामात नदीकाठच्या सखल भागात ‘बील’ नावाची तळी असतात; त्यांत मासे गोळा व्हावेत म्हणून मच्छीमार फार पूर्वीपासून असेच करत आले आहेत. मात्र तिथे शेवटी तो भाग जाळ्याने वेढून मासे काढतात, तुमचा हेतू संरक्षणाचा असेल तर तेवढे टाळावे. टायर किंवा रंगवलेले लाकूड नको, पिण्याचे पाणी उचलतात ती जागा सोडावी आणि मातीच्या बांधाजवळ खोदकाम करू नये. यासाठी हिरवे झाड तर मुळीच तोडू नये. शहराच्या हद्दीत त्याला १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि काठावरचे ते झाड उद्या स्वतःहून पाण्यात झुकणारच आहे.