भूल देताना कोणतं मसल रिलॅक्संट सगळ्यात चांगलं?

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, डॉक्टर अॅट्राक्युरियम हे मसल रिलॅक्संट, म्हणजे भुलीत स्नायू सैल करणारं औषध, देणार म्हणतात, तर महागडं रोक्युरोनियम मागून घेऊ का असं विचारलंय तुम्ही. नका मागू. अॅट्राक्युरियम स्वस्त आहे म्हणून हलकं नाही, ते रक्तातच आपलं आपण मोडतं, म्हणून किडनी खराब असलेल्याला तेच बरं. कधी अंग लाल होतं, बीपी पडतं. रोक्युरोनियम मोठ्या डोसात मिनिटभरात लागू होतं आणि सुगामाडेक्स या उताऱ्याच्या औषधानं पटकन उतरवता येतं, अॅट्राक्युरियमवर मात्र सुगामाडेक्स चालत नाही.

पण औषधाच्या नावावरून भांडणारे लोक बघितले की मला फोंड्याकडची ती रात्र आठवते. एका छोट्या हॉस्पिटलात अपेंडिक्सची इमर्जन्सी, 50 किलोचा मुलगा, श्वासाची नळी घालायला 75 मिलिग्रॅम स्कोलीन दिलं, हेही स्नायू सैल करणारंच, पण थोडा वेळ टिकणारं. ते 5-10 मिनिटांत उतरतं, मग श्वास परत आला की अॅट्राक्युरियम द्यायचं. मी वाट बघतेय, श्वास येतच नाही, सर्जन खूश की पोट मस्त सैल आहे, आणि सगळं ऑपरेशन त्या एका स्कोलीनवर संपलं तरी मुलगा हलेना! आतून जागा झाला आणि बोटही हलवता येत नसेल तर काय वाटेल त्याला, म्हणून झोपेचं औषध चालूच ठेवलं आणि साडेपाच तास व्हेंटिलेटरवर त्याच्या उशाशी बसून राहिले. तेवढ्यात सर्जननी बाहेर नातेवाइकांना सांगून टाकलं, भूल जास्त झाली.

जास्त झाली नव्हती. स्कोलीन मोडणारं एन्झाइम काहींच्या रक्तात जन्मतःच सदोष असतं. नंतर तपासणी करून घेतली, ते एन्झाइम नीट आहे का हे दाखवणारा डिब्युकेन नंबर साधारण 80 लागतो, त्याचा 20 आला. आणि पहाटे त्याची आई सांगते काय, मोठ्या बहिणीच्या ऑपरेशनलापण ती संध्याकाळपर्यंत उठली नव्हती! घाईत विचारायचं राहिलं ही चूक माझी, ती मी तेव्हाच कबूल केली. डोसची चूक नव्हती, ते सर्जन आजही मानत नाहीत.

म्हणून तुम्ही काय करा, घरात कुणाला भुलीतून उठायला उशीर झाला होता का, भुलीत जोरात ताप चढला होता का, कुणी ऑपरेशन टेबलावरच दगावलं होतं का, हे मावशा-मामांना फोन करून विचारा आणि भूलतज्ज्ञाला स्वतःहून सांगा. आणि नर्व्ह स्टिम्युलेटर लावणार का तेही विचारा, मनगटाजवळ करंट देऊन अंगठा किती हलतो ते बघतात, लागोपाठ चार झटके देतात, नळी काढण्याआधी चौथ्या झटक्याचं पहिल्याशी प्रमाण (रेशो) मोजून 0.9 च्या वर हवं. पेशंटला नुसतं ‘डोकं उचल’ म्हणून ताकद बघितली तर चालत नाही, हे मी तेव्हापासून प्रत्येक सर्जनला सांगत आलेय आणि ‘एवढा वेळ कशाला’ हेच ऐकत आलेय.

आईचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत हां, दमा किंवा आधीची अॅलर्जी असेल तर अॅट्राक्युरियमबद्दल वर लिहिलेलं बदलू शकतं, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. त्या मुलाच्या बहिणीचा नंबरपण तसाच आला, दोघांना मी चिठ्ठी लिहून दिली, पाकिटात ठेवायला, ‘स्कोलीन देऊ नये’.