नेमणूकपत्रावर नाव कोणाचं?

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

नेमणूकपत्राचा फोटो मिळाला. पेढे वाटले हेही कळलं, फार आनंद झाला. पण तू लिहितोस ‘एअरलाइनमध्ये लागलो’, आणि पत्रात एअरलाइनचं नाव येतं ते फक्त कामाच्या ठिकाणाच्या रकान्यात. सही-शिक्का आहे मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचा. नोकरी घेऊ नकोस, असं मी म्हणत नाही. घे. पण नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर कामावर हजर होण्याआधी हा फरक तुला पुरता कळलेला असावा, म्हणून सविस्तर लिहितोय. माझी उभी नोकरी कामगारांचे करार वाचण्यात गेली, तेव्हा एवढं ऐकून घे.

टर्मिनलवर काउंटरवरची मुलगी, बॅगा चढवणारा लोडर आणि विमानाला शिडी लावणारा ऑपरेटर, तिघांच्या जॅकेटवर एकच चिन्ह दिसेल. महिनाअखेरीस तिघांच्या पगारचिठ्ठ्या शेजारी-शेजारी ठेवल्यास, तर मालकाची नावं तीन निघू शकतात. युनियनचा करार लागू असलाच, तर तिघांपैकी एखाद्यालाच.

ते चिन्ह ही एक स्वतंत्र मालमत्ता असते. १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली त्याची नोंदणी दहा वर्षांसाठी होते आणि नूतनीकरण करत राहिलं की कितीही काळ टिकते. ते विकता येतं, परवान्यावर दुसऱ्याला वापरायला देता येतं, गहाणही ठेवता येतं. किंगफिशर एअरलाइन्सने आपली चिन्हं कर्जापोटी बँकांकडे तारण ठेवली होती. २०१२च्या ऑक्टोबरात विमानं जमिनीवर आली, तोवर कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. २०१६मध्ये बँकांनी त्या चिन्हांचा लिलाव काढला, राखीव किंमत ३६६ कोटी ७० लाख रुपये. एकही बोली आली नाही. ज्या नावाच्या जोरावर माणसं नोकरीला लागली, त्या नावाची किंमत माणसं घरी गेल्यावर काय उरते, हे तिथे दिसलं.

एअर इंडियाची विक्री तर मन लावून अभ्यासण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये सरकारने टाटांची बोली स्वीकारली, १८ हजार कोटींची. त्यातले १५,३०० कोटी म्हणजे टाटांनी अंगावर घेतलेलं कंपनीचं कर्ज, आणि २,७०० कोटी रोख. त्यावेळच्या अटी बघ. आठ बोधचिन्हं टाटांकडे जाणार, पण पाच वर्षं ती दुसऱ्या कोणाला देता येणार नाहीत, आणि नंतर द्यायची तर भारतीयालाच. कर्मचारी होते एअर इंडियाचे १२,०८५ आणि एअर इंडिया एक्स्प्रेसचे १,४३४. त्यांच्यासाठी अट अशी, की एक वर्ष कोणालाही काढायचं नाही, आणि दुसऱ्या वर्षी काढायचंच झालं तर आधी स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय द्यायचा. चिन्हाला पाच वर्षांचं संरक्षण आणि माणसाला एका वर्षाचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. एअर इंडियाच्या ‘महाराजा’ या चिन्हाची आब राखायला हवीच. पण ती आब ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांच्यासाठी निदान तेवढीच मुदत मागायला हवी होती.

आपल्या विमानतळाला लागून असलेल्या मिहान प्रकल्पातल्या विमानदुरुस्तीच्या हँगरचंच घे. बोइंगने बांधून दिलेला, २०१५मध्ये सुरू झालेला. गावात अजून सगळे त्याला एअर इंडियाचा हँगर म्हणतात. तो चालवणारी इंजिनिअरिंग कंपनी मात्र जानेवारी २०२२च्या हस्तांतरात टाटांकडे गेली नाही, सरकारकडेच राहिली. वर्धा रोडवरून जाणाऱ्याला हा फरक कळायचा नाही, आतल्या तंत्रज्ञाला मात्र तो पगारात, बढतीत आणि निवृत्तीत कळतो.

नावं जोडणं सोपं असतं. २००७मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स कागदावर एक झाल्या, शेपटीवर नवं चिन्ह आलं. पण दोन्हीकडच्या युनियनचे करार वेगळे, वेतनश्रेण्या वेगळ्या, सेवाज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या. ते सांधण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली, तिचा अहवाल आला २०१२मध्ये. त्याच वर्षी ड्रीमलायनर या नव्या बोइंग विमानाचं प्रशिक्षण कोणाला मिळणार यावरून वैमानिकांचा संप झाला आणि तो जवळजवळ दोन महिने चालला.

आता तुझ्या कामाचं. २१ नोव्हेंबर २०२५पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटीला बसते. हजेरीपटावरच्या, हा शब्द पुन्हा वाच. तुझं नाव ठेकेदाराच्या पटावर असेल, तर एअरलाइनच्या युनियनने मिळवलेली वाढ तुझ्यापर्यंत आपोआप पोचत नाही. सरकारने तडजोडीसाठी नेमलेल्या समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्यांना बांधतो, नंतर लागलेल्यांनाही. मालक आणि युनियनने परस्पर केलेला करार फक्त त्या दोघांना बांधतो. म्हणून कराराची प्रत हाती आली की आधी शेवटचं पान उघड आणि सही कोणासमोर झाली ते बघ. मुदत उलटली म्हणून करार लगेच मरत नाही, कोणीतरी लेखी नोटीस देऊन साठ दिवस जाईपर्यंत तो चालू राहतो. हे माहीत नसल्यामुळे ‘करार संपलाय, आता काही मागू नका’ हे वाक्य ऐकून गप्प बसलेली पुष्कळ चांगली पोरं मी पाहिली आहेत.

ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. आणि उद्योग दुसऱ्याच्या हाती गेला, तर तुझी सेवा अखंड धरली आहे का, नव्या अटी पूर्वीपेक्षा कमी नाहीत ना, आणि पुढे कधी काढलं तर भरपाई मागची वर्षं धरून मिळणार का, या तिन्ही गोष्टी लेखी घे. यातली एक जरी नसेल, तरी वर्षभर सलग काम केलेल्याला नोटीस आणि भरपाई मागता येते.

रागाच्या भरात कधी घरी बसू नकोस. मे २०२४मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूने एकाच वेळी आजारपणाच्या रजा टाकल्या, पंचवीस जणांना कामावरून काढल्याची पत्रं गेली, आणि ती मागे घेतली गेली ती शेवटी मुख्य कामगार आयुक्तांसमोर बसल्यावरच. त्यांच्या तक्रारी खऱ्या नव्हत्या असं मी म्हणणार नाही. पण प्रवासी अडकले की तक्रार मागे पडते आणि चर्चा प्रवाशांची होते. आयुक्तांचं दार आधी ठोठाव. विमानसेवा केंद्राच्या अखत्यारीत येते आणि केंद्रीय कामगार खात्याचं कार्यालय नागपुरातच आहे, तेव्हा मुंबई-दिल्लीला पळायची गरज नाही.

गणवेशातले रील टाकताना त्या चिन्हाचा मालक कोण हे लक्षात ठेव, आणि एखाद्या शिकवणी क्लासच्या जाहिरातीत तर ते मुळीच वापरू देऊ नकोस. इंडिगोने ‘सिक्स ई’ या आपल्या विमानांच्या कोडसाठी महिंद्राच्या इलेक्ट्रिक मोटारगाड्यांच्या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं होतं, आणि महिंद्राने गाडीचं नाव बदललं.

सोमवारी रुजू होशील तेव्हा एचआरला शांतपणे दोन गोष्टी विचार: ठेक्याची मुदत कधीपर्यंत आहे आणि ठेकेदार बदलला तर जुन्या माणसांचं काय होतं. उत्तर तोंडी मिळेल. त्याच संध्याकाळी ‘आपण आज सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून दोन ओळींचा ईमेल टाक आणि त्याची एक प्रत मला पाठव.

तुझा,
काका