कटऑफ कुठे लावलास?

प्रिय मित्रा,

तुझ्या इन्फ्रारेड मोजणीचा आलेख पाहिला. बेरियम-लोह-आर्सेनाइडचं इलेक्ट्रॉनांच्या गतिज ऊर्जेचं गुणोत्तर एक-तृतीयांशाच्या आसपास आलं म्हणून तू खूश आहेस. पण ड्रूडचा भाग, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा कमी वारंवारतेचा प्रतिसाद, नेमका कुठे संपवलास (म्हणजे कटऑफ कुठे लावलास), ते कुठेच लिहिलेलं नाही.

2009 मध्ये सॅन डिएगोच्या बासोव यांच्या गटाने हीच पट्टी लोहाच्या अतिवाहकांना लावली: इन्फ्रारेडमधून मिळालेली इलेक्ट्रॉनांची गतिज ऊर्जा भागिले बँड-गणितातली, जे इलेक्ट्रॉनांची आपसातली अडवणूक नीट धरत नाही. साध्या धातूत उत्तर 1 च्या जवळ येतं आणि क्युप्रेटांच्या (तांबे-ऑक्साइडच्या अतिवाहकांच्या) मूळ मॉट संयुगांत, जिथे आपसातल्या तिरस्कारामुळे इलेक्ट्रॉन जागीच खिळतात, जवळपास शून्य. लोहवाले मध्येच निघाले. म्हणजे इलेक्ट्रॉन एकमेकांना अडवतात, पण जागीच खिळून बसत नाहीत.

अडचण अशी की लोहाची पाचही डी-ऑर्बिटलं फर्मी पातळीजवळ गर्दी करतात. त्यामुळे आंतरबँड संक्रमणं (इलेक्ट्रॉनांच्या एका बँडमधून दुसऱ्यात उड्या) मिड-इन्फ्रारेडमध्येच सुरू होतात आणि ड्रूडच्या शेपटीत मिसळतात. कटऑफ थोडा सरकवला की गुणोत्तर सरकतं. म्हणून एकच आकडा न देता, कटऑफ बदलताना तो कसा बदलतो ते काढ. अरुंद आणि रुंद अशा दोन ड्रूडनी फिट छान बसतो, मान्य. पण रुंद ड्रूडच्या पोटात आंतरबँडचा हिस्सा लपलेला असू शकतो. (फिट छान बसणं हा पुरावा नव्हे, हे परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत विचारतील.)

साधारण 138 केल्विनखालचा डेटा या गुणोत्तरात घेऊ नकोस. तिथे चुंबकीय क्रमामुळे गॅप उघडते आणि ड्रूडचं वजन (वाहकतेच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ) वरच्या ऊर्जेकडे सरकतं. ती वेगळी गोष्ट आहे. खरी मजा त्या तापमानाच्या वर आहे. नमुना थंड करताना वजन अर्धा-एक इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यापर्यंत जातं, आणि त्यामागे हुंडची जोडणी (एकाच अणूतल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका दिशेला लावणारी) आहे असं मला पटतं. ते पकडायचं तर मोजणी दृश्य प्रकाशापर्यंत ने. दूर-इन्फ्रारेडवर थांबलास तर क्रॅमर्स-क्रोनिगला (परावर्तनातून वाहकता काढणाऱ्या गणिताला) वरचा सगळा भाग अंदाजाने द्यावा लागेल.

स्फटिक ताजा चिरून लगेच क्रायोस्टॅटमध्ये घाल आणि संदर्भासाठी त्याच पृष्ठभागावर सोनं चढव. परावर्तन इतकं जास्त असताना एका टक्क्याची चूक वाहकतेत भलतीच मोठी होते. खालच्या टोकाला हागेन-रूबेन्स (धातूच्या कमी वारंवारतेच्या परावर्तनाचं सूत्र) लावशील, तेव्हा शून्य वारंवारतेची वाहकता चार-टोकी रोधमापनाशी जुळते का ते बघ. जुळली नाही तर फिटला हात लावू नकोस, कच्चं परावर्तन मला पाठव.

तुझा,
सर