सीट एकच, बुकिंग दोन

प्रश्न: पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये सीट रिकामी आहे का ते रेप्लिकावर (मूळ सर्व्हरच्या प्रतीवर) बघतो, मग प्रायमरीवर (मूळ सर्व्हरवर) अपडेट मारतो, तरी एकच सीट दोघांना गेली. सिलेक्ट फॉर अपडेट (वाचतानाच रो, म्हणजे टेबलातली ओळ, लॉक करणारी क्वेरी) लावलं तर रेप्लिका एरर देते. काय करू?

उत्तर: अहो, एरर येणारच, रो लॉक म्हणजे पोस्टग्रेस त्या रोवरच खूण लिहून ठेवतं आणि रेप्लिका तर रीड-ओन्ली, तिच्यावर काही लिहिता येत नाही, शिवाय ती थोडी मागे असली की तुम्हाला रिकामी दिसणारी सीट प्रायमरीवर केव्हाच विकलेली असते. मी तर सरळ अपडेटच्या व्हेअरमध्येच (कोणत्या रो बदलायच्या ते सांगणाऱ्या भागात) ‘रिकामी’ ही अट टाकतो, मग दुसरा अपडेट पहिल्याच्या कमिटपर्यंत, म्हणजे त्याचा बदल पक्का होईपर्यंत, थांबतो, अट परत तपासतो आणि शून्य रो बदलतात, म्हणजे सीट गेली. पेमेंट होईपर्यंत लॉक मात्र धरून बसू नका, प्लीज.