निन्टेंडोने कन्सोल बनवणं सोडून फक्त गेम विकावेत का?

तुम्ही विचारलंय की सगळं मोबाईल, पीसी आणि क्लाउडकडे चाललेलं असताना निन्टेंडो या जपानी गेम कंपनीने हार्डवेअर (म्हणजे गेम खेळायचं स्वतःचं यंत्र, कन्सोल) बंद करून मारिओ-झेल्डासारखे आपले गेम सगळीकडे विकावेत का, आणि तसं केलं नाही तर कंपनी टिकेल का. माझं मत: हार्डवेअर सोडणं ही या कंपनीने करण्यासारखी सगळ्यात महागडी चूक ठरेल. धोका आहेच, पण मोबाईलपेक्षा तो मला दुसरीकडे जास्त दिसतो.

आधी हिशोब बघा. ६० डॉलरचा गेम निन्टेंडोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून विकला गेला तर पेमेंटचा किरकोळ खर्च वगळता सगळे पैसे त्यांचेच. तोच गेम दुसऱ्याच्या दुकानातून विकला तर रूढ दराने ३० टक्के, म्हणजे १८ डॉलर, दुकानदाराकडे जातात. शिवाय आज निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर गेम विकणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांकडून निन्टेंडोला जो वाटा मिळतो, तोही बंद होईल. कन्सोल हा त्यांचा टोलनाका आहे. सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीने २००१मध्ये आपला ड्रीमकास्ट कन्सोल बंद केला तो हा नाका चालवण्याइतके पैसे उरले नाहीत म्हणून.

मोबाईलचा प्रयोग निन्टेंडोने करून पाहिलाय. २०१५मध्ये डीएनए (DeNA) या जपानी मोबाईल गेम कंपनीशी भागीदारी केली, डिसेंबर २०१६मध्ये सुपर मारिओ रन हा फोनवरचा गेम आणला. सुरुवातीचा भाग फुकट, पुढचं सगळं एकदाच ९.९९ डॉलर देऊन. डाउनलोड प्रचंड झाले, पण कमाई अपेक्षेपेक्षा कमी असल्याचं कंपनीनेच सांगितलं. फोनवर लोक गेमसाठी आधी पैसे देत नाहीत. तिथे कमाई होते ती पुन्हा पुन्हा छोटी खरेदी करायला लावून, आणि मारिओला त्या साच्यात कोंबलं तर पालकांचा जो विश्वास आहे तोच जाईल. पोकेमॉन गोचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तो फोनवरचा गेम नायँटिक या अमेरिकन कंपनीने बनवलेला, आणि पोकेमॉन कंपनीत निन्टेंडोचा हिस्सा साधारण एक तृतीयांश. जुलै २०१६मध्ये निन्टेंडोचा शेअर झपाट्याने वर गेला आणि नफ्यावर परिणाम मर्यादित आहे असं कंपनीने स्पष्ट करताच एका दिवसात जवळपास १८ टक्के पडला.

खरा धोका एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाताना येतो. निन्टेंडोचा टीव्हीला जोडायचा कन्सोल वी (Wii) दहा कोटींहून जास्त विकला गेला, त्याच्या पुढचा वी यू (२०१२) फक्त १ कोटी ३५ लाख. नावावरून तो जुन्या वीचाच एखादा जोड वाटायचा, एचडी गेम बनवायला किती माणसं आणि वेळ लागतो याचा अंदाज चुकला म्हणून गेम उशिरा आले, आणि वीवर बोलिंग खेळणारी घरं तोवर फोनकडे वळली होती. थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्राचंही तसंच. फेब्रुवारी २०११मध्ये जपानमध्ये २५,००० येनला आला, ऑगस्टमध्ये १५,०००वर आणावा लागला, आणि तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. मार्च २०१२ला संपलेल्या वर्षात कंपनीला तोटा झाला. थ्रीडीएस सावरला तो नुसत्या कपातीने नाही. वर्षअखेरीस सुपर मारिओ थ्रीडी लँड, मारिओ कार्ट ७ आणि जपानमध्ये मॉन्स्टर हंटर हे गेम आल्यावर.

स्विचने (२०१७) नेमका हा आजार बरा केला, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पूर्वी टीव्हीचा कन्सोल वेगळा आणि हँडहेल्ड वेगळा, म्हणजे त्याच माणसांना दोन यंत्रांसाठी गेम पुरवायचे. स्विचमुळे सगळी टीम एकाच यंत्रासाठी काम करू लागली, त्यामुळे गेमचा दुष्काळ संपला. मारिओ कार्ट ८ वी यूवर एक कोटीच्याही आत अडकला होता. थोडी भर घालून तोच स्विचवर आणला तर सहा कोटींच्या पुढे गेला. स्विच १५ कोटींहून जास्त विकला गेलाय.

स्विच २ (५ जून २०२५) आधीचे बहुतेक गेम चालवतो, आणि जुनं अकाउंट खरेदीसकट नव्या यंत्रावर येतं. वी ते वी यू या उडीत अशी बळकट दोरी नव्हती. पहिल्या चार दिवसांत ३५ लाख यंत्रं गेली. पण सुरुवातीचे आकडे पाहून निश्चिंत होऊ नका: पहिल्या वर्षी घेणारे हाडाचे चाहते असतात, मुलं आणि कुटुंबं नंतर येतात, आणि त्यांच्यापुढे भिंत आहे ती किमतीची. स्विच अमेरिकेत २९९.९९ डॉलरला आला होता, स्विच २ आला ४४९.९९ला. पूर्वी तीन-चार वर्षांत चिप लहान आणि स्वस्त व्हायची, मग कन्सोलची किंमत उतरायची. आता नव्या निर्मिती-तंत्राने बनवलेली चिप तितकी स्वस्त होत नाही, एआय डेटा सेंटरमुळे मेमरीला मागणी आहे, वर आयात शुल्क. सोनीचा पीएस५ कन्सोल तर बाजारात येऊन काही वर्षं झाल्यावर महाग झाला. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात पहिलं यंत्र निन्टेंडोचं पडलं नाही तर वीस वर्षांनंतरचा चाहता कुठून येणार?

मेमरीच्या महागाईची दुसरी खूण म्हणजे स्विच २च्या दुकानात मिळणाऱ्या काही गेमचं गेम-की कार्ड. कार्डात गेम नसतो, फक्त चावी असते, गेम डाउनलोड करावा लागतो. यंत्रात २५६ जीबी जागा, आणि ती वाढवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस हे नव्या प्रकारचं मेमरी कार्डच लागतं. जुन्या साध्या कार्डावरून गेम चालत नाहीत. घेताना हा खर्च धरूनच चला.

कंपनीची तब्येत तपासायची असेल तर तिमाही निकालात नुसती यंत्रांची विक्री बघू नका. विकलेले गेम भागिले विकलेली यंत्रं हे गुणोत्तर काढा, दर वर्षी ते वाढायला हवं. वर्षभरात एकदा तरी खेळलेल्यांची संख्या कंपनी स्वतः देते, ती बघा. येन घसरला असेल तर येनमधला नफा फुगलेला दिसतो, तेवढा मनात वजा करा. यंत्रांची विक्री तिसऱ्या वर्षी घसरली आणि स्वस्त आवृत्ती आली नाही, तर मात्र मी माझं उत्तर पुन्हा तपासेन.